आधी इंजिन ठरवा, मग पंख मोजा

‘ज्या देशाने १९६१ साली माणूस अंतराळात पाठवला, त्याला फवारणीचं एक विमान धड करता येऊ नये?’ सोव्हिएत काळातल्या जुन्या एएन-२ विमानाची जागा घेण्यासाठी आखलेल्या, रशियाच्या ‘बायकाल’ या छोट्या विमानाची रखडपट्टी पुन्हा चर्चेत आली की हा टोमणा ठरलेला. त्याला उत्तर देणाऱ्यांचा सूरही तितकाच ठरलेला: एएन-२ ला पर्याय होणारच नाही, ही म्हातारी आपल्या सगळ्यांना पोचवून मगच जाईल. पहिल्या गटाला रशियाची खिल्ली उडवायची असते, दुसऱ्याला जुन्या यंत्रावरचं प्रेम मिरवायचं असतं. मग वाद रंगतो तो दोन पंखांची जोडी हवी की एकच पंख, धातू हवा की कंपोझिट (धागे आणि राळ यांचं हलकं मिश्रण), शेपटीला चाक की नाकाला. यातल्या एकाही मुद्द्यावर हे विमान अडलेलं नाही, असं माझं मत आहे. गेल्या पन्नास वर्षांत एएन-२ ची जागा घ्यायला जे जे पुढे आलं, त्यातली बरीच विमानं नव्या किंवा परक्या इंजिनापाशी अडली आणि जवळपास सगळी पैशापाशी. नवा सांगाडा, नवं इंजिन आणि स्वावलंबनाचा नवा झेंडा हे सगळं एकाच मुहूर्तावर उभं करायचं आणि त्या विमानातल्या खुर्चीचं भाडं कोण भरणार हे मात्र शेवटी बघायचं, ही रीतच मुळात चुकीची आहे.

आपल्याकडे अँटोनोव्ह हे नाव हवाई दलाच्या एएन-३२ मुळे माहीत आहे. एएन-२ हे त्या घराण्यातलं थोरलं भावंड. ३१ ऑगस्ट १९४७ रोजी ते पहिल्यांदा उडालं. आपल्या स्वातंत्र्याला तेव्हा सोळा दिवस झाले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेत विमानाने आवाजाचा वेग ओलांडला आणि ३० डिसेंबरला मिग-१५ हे जेट लढाऊ विमान आकाशात गेलं. अशा वर्षात ओलेग अँटोनोव्ह यांनी कापड ताणलेल्या पंखांच्या दोन जोड्या असलेलं, तारांनी आवळलेलं विमान पुढे आणलं. म्हणजे जन्मलं तेव्हाच ते जुन्या वळणाचं होतं, आणि तसं ठेवण्यामागे विचार होता. पंख एकावर एक घेतले की विमानाची रुंदी न वाढवता भरपूर क्षेत्रफळ मिळतं. वरच्या पंखाच्या पुढच्या कडेला स्लॅट, म्हणजे सरकत्या पट्ट्या आहेत. वेग घटला की ते वैमानिकाला न विचारता आपोआप पुढे सरकतात आणि पंखावरचा वारा तुटू देत नाहीत. त्यामुळे या विमानाच्या पुस्तकात ‘इतक्या वेगाखाली गेलात तर पडाल’ असा आकडाच दिलेला नाही. इंजिन बंद पडलं, खाली काही दिसत नसलं, तरी स्टिअरिंग पोटाशी ओढून धरलं की ते पॅराशूटसारखं खाली येत राहतं. दीड-दोनशे मीटर शेत मिळालं की उडतं, तेवढ्यातच उतरतं. बारा माणसं किंवा सुमारे दीड टन माल. सोव्हिएत संघात, १९६० पासून पोलंडच्या मिएलेत्समध्ये आणि चीनमध्ये मिळून ही विमानं अठरा हजारांहून अधिक झाली.

युरोपातल्या एका गवती धावपट्टीवर मी ते एकदा सुरू होताना जवळून पाहिलं. आधी मेकॅनिक पुढे आला आणि पंख्याचं एकेक पातं खांद्याने ढकलत फिरवू लागला. हा व्यायाम नव्हे. नऊ सिलिंडर वर्तुळात बसवलेले असतात, उभ्या विमानात तेल ओघळून खालच्या सिलिंडरांत साठतं. तसंच सुरू केलं तर आतला दांडा वाकू शकतो. पाती फिरवून झाल्यावर आत कुठेतरी एक जड चाक फिरायला लागलं. गिरणीचा पट्टा चढताना येतो तसा आवाज बारीक होत होत वर गेला, मग खटकन काहीतरी अडकलं, पंखा दोनदा शिंकला आणि निळसर धुराचा लोट गवतावर पसरला. एक सिलिंडर पेटलं, मग दुसरं, मग सगळी एका सुरात. कॉकपिटच्या बाजूच्या काचा भांड्यासारख्या बाहेर फुगवलेल्या आहेत. वैमानिक डोकं घालून सरळ खाली, चाकाकडे बघत होता. सैबेरियात हाच विधी उणे चाळीसला करायचा, तेव्हा इंजिनावर गोधडी टाकून कॅनव्हासच्या जाड नळीतून गरम हवा सोडतात. पिंपातलं इंधन स्वतःच्या पंपाने ओढून घेण्याची सोय विमानातच आहे. फाटलेल्या पंखाला कापड चिकटवलं, डोप म्हणजे कापड ताठ करणारा लेप लावला, वाळू दिलं, की पुन्हा उड्डाण.

हे सगळं वर्णन वाचून विमानाबद्दल जिव्हाळा वाटणार, मलाही वाटतो. पण खरी गंमत यंत्रापलीकडची आहे. आपल्याकडे १ जून १९४८ ला अहमदनगर ते पुणे पहिली एसटी धावली, आणि पुढे ‘मुक्कामाची गाडी’ नावाची एक व्यवस्था उभी राहिली. रात्री गाडी गावात येते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात, पहाटे तीच गाडी दूध, शाळकरी पोरं, कोर्टाची तारीख असलेला म्हातारा आणि बाळंतीण अशा सगळ्यांना घेऊन तालुक्याला जाते. त्या गाडीचा सांगाडा कोणत्या कंपनीचा, हे गावात कुणी विचारलं होतं का? गावाला गाडी किती वाजता येते हे माहीत असतं, आणि ती येते हे माहीत असतं. सैबेरियात याकुतियातल्या किंवा येनिसेई नदीकाठच्या वस्तीला एएन-२ म्हणजे ही मुक्कामाची गाडी होती. तिच्यामागे गवताची धावपट्टी होती, पट्टीशेजारी लाकडी खोलीत बसणारा एक पगारी माणूस होता, बर्फ दाबून सपाट करणारा ट्रॅक्टर होता, इंधनाची पिंपं नदीतून वेळेवर पोचवणारी बोट होती आणि तिकिटाचा बराचसा भार उचलणारं सरकार होतं. सोव्हिएत काळाच्या अखेरीस रशियात तेराशेहून अधिक विमानतळ होते. आज अडीचशेच्या आतबाहेर उरलेत. गेलेल्यांत बहुतेक अशाच गवती आणि मातीच्या पट्ट्या. तेव्हा ‘एएन-२ च्या जागी काय?’ असं विचारताना आपण ज्या हजार पट्ट्यांवर ते उतरायचं त्या पट्ट्या अजून तिथेच आहेत असं मनाशी धरून चाललेलो असतो.

आता पर्यायांची वंशावळ पाहू, कारण तिच्यात बरंच शिकण्यासारखं आहे. सगळ्यात मजेदार प्रकरण पोलंडच्या एम-१५ चं. सत्तरीच्या दशकात मॉस्कोत कुणाला तरी वाटलं की आता जेटचं युग, तेव्हा फवारणीही जेटनेच झाली पाहिजे. मग दोन पंखी, पंखांच्या मधोमध औषधाच्या उभ्या टाक्या आणि पाठीवर जेट इंजिन असं विमान आलं. जगात कारखान्यातून मालिकेने तयार झालेलं हे एकमेव दुपंखी जेट. जेट इंजिनाला उंची आणि वेग आवडतो. फवारणीला पाच मीटर उंची आणि जेमतेम वेग लागतो. हजारोंची योजना होती, पावणेदोनशेच्या आसपास झाली, १९८१ ला कारखान्यात काम थांबलं, आणि एएन-२ मात्र त्यानंतरही वीसेक वर्षं त्याच मिएलेत्समध्ये बनत राहिलं. जो पाहुणा मालकाला घराबाहेर काढायला आला होता, तोच आधी निघून गेला.

त्यानंतरचं एएन-३ जास्त शहाणपणाचं होतं. जुनाच सांगाडा, त्यात टर्बोप्रॉप इंजिन, म्हणजे केरोसीनवरच्या टर्बाइनने पंखा फिरवणारं. १९८० मध्ये उडालं, पण कारखान्यातून बाहेर यायला २००० साल उजाडलं आणि संख्या दोन-अडीच डझनांच्या वर गेली नाही. मग नोवोसिबिर्स्कच्या सिबनिया या संशोधन संस्थेने २०११ मध्ये जुन्या एएन-२ ला अमेरिकन हनीवेलचं टर्बोप्रॉप बसवलं. ते चाललं, मोजकीच झाली, पण आर्क्टिक किनाऱ्यावरच्या नार्यान-मारसारख्या ठिकाणी प्रवासी घेऊन उडाली. यशाने हुरूप आला आणि त्याच संस्थेने सगळा सांगाडाच कार्बन कंपोझिटचा करायला घेतला. ते विमान २०१७ ला उडालंसुद्धा. पण इंजिन परकं, पंखा परका, बरीचशी सामग्री परकी, म्हणून सरकारने पाठ फिरवली आणि २०१९ मध्ये उरल विमान कारखान्याच्या उपकंपनीकडे कोऱ्या कागदावरचं नवं काम दिलं. हाच बायकाल: वर एकच पंख, खाली तिरका टेकू, नऊ प्रवासी. ३० जानेवारी २०२२ ला तो पहिल्यांदा उडाला, तोही अमेरिकन जीईच्या इंजिनावर. पुढच्याच महिन्यात रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं आणि ते इंजिन मिळण्याचा मार्ग बंद झाला. मग व्हीके-८०० या देशी इंजिनाची वाट पाहणं आलं. सुरुवातीला सुमारे १२ कोटी रुबल सांगितलेली किंमत तिपटीच्या पुढे गेली. अतिपूर्वेचा कारभार पाहणारे उपपंतप्रधान युरी त्रुतनेव यांनी त्यावर जाहीरपणे नापसंती दाखवली.

या वंशावळीकडे बघून ‘रशियाला जमत नाही’ एवढाच निष्कर्ष काढायचा असेल तर काढा. पण १९४७ मध्ये का जमलं होतं? एएन-२ चं इंजिन एएसएच-६२, एक हजार अश्वशक्तीचं. अँटोनोव्ह यांनी ते आपल्या विमानासाठी मुद्दाम करून घेतलं नव्हतं. ते आधीच होतं. तिशीच्या दशकात सोव्हिएत संघाने अमेरिकेच्या राइट सायक्लोन इंजिनाचा परवाना घेतला, उरलमधल्या पेर्म शहरात ते एम-२५ नावाने बनू लागलं, इंजिनाचे रचनाकार श्वेत्सोव्ह यांनी ते वाढवत वाढवत नेलं. तेच युद्धाआधी लढाऊ विमानांत बसलं आणि तेच डकोटा या अमेरिकन वाहतूक विमानाच्या सोव्हिएत आवृत्तीत, लि-२ मध्ये, युद्धभर आणि त्यानंतर धावत होतं. एएन-२ आलं त्या दिवशी देशातल्या प्रत्येक डेपोत त्या इंजिनाचे सुटे भाग होते आणि डोळे मिटून ते उघडणारे मेकॅनिक होते. अँटोनोव्ह यांनी फक्त एका बाजूने धोका पत्करला: सांगाड्याच्या. आणि सांगाडाही असा निवडला की ज्यात नवीन असं थोडंच. जिला आज ‘अस्सल रशियन म्हातारी’ म्हणतात तिचं हृदय मुळात अमेरिकेतल्या न्यू जर्सीचं होतं, याची आठवण स्वावलंबनाच्या भाषणांत कुणी करत नाही.

समोरच्या बाजूचा मुद्दा इथेच सगळ्यात मजबूत आहे आणि तो टाळून चालणार नाही. परक्या इंजिनावर विसंबलात तर एके दिवशी नळ बंद होतो. रशियाचा तसा झाला. युक्रेनवर आक्रमण करणाऱ्याने निर्बंधांची तक्रार करू नये हे खरंच. पण अभियांत्रिकीच्या दृष्टीने तथ्य तेच राहतं. आणि आपण यावर हसण्याच्या स्थितीत नाही. मरुत लढाऊ विमानाचं काय झालं? जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या हाताखाली बंगळूरला झालेला देखणा सांगाडा १९६१ मध्ये उडाला, पण ज्या ताकदीच्या इंजिनासाठी तो आखला होता ते कधी आलंच नाही, आणि आयुष्यभर ते विमान कमी ताकदीवर ओढत राहिलं. तेजसच्या मार्क-१ए ला जीईची इंजिनं वेळेवर न मिळाल्याने तयार सांगाडे कारखान्यात वाट बघत बसले, हे तर अलीकडचंच. मग स्वतःचं इंजिन नको का?

हवं. नक्की हवं. पण त्याच तेजसची दुसरी बाजूही बघा. कावेरी इंजिनाचं काम १९८९ मध्ये सुरू झालं ते तेजससाठीच. दोघांचं लग्न आधीच ठरवून टाकलं होतं. कावेरी अपेक्षित ताकदीला पोचेना. २००१ मध्ये तेजस उडालं ते जीईच्या इंजिनावर, आणि २००८ मध्ये अखेर दोघांची अधिकृत फारकत झाली. फारकत झाली नसती तर आज तेजस ना उडालं असतं, ना हवाई दलात आलं असतं. परक्या इंजिनामुळे उशीर होतो, मान्य. पण नव्या सांगाड्याला नव्या इंजिनाची वाट बघायला लावली तर उशीर मोजायलाही विमान शिल्लक राहत नाही. निर्बंध हा दोन नव्या गोष्टी एकदम करण्याच्या बाजूचा युक्तिवाद होऊ शकत नाही. तो इंजिन वीस वर्षं आधी सुरू करायला हवं होतं याचा पुरावा आहे. आणि वीस वर्षं गेलीच असतील, तर निदान एकविसावं वर्ष तरी नीट वापरा.

नीट म्हणजे कसं? कॅनडाच्या पीटी-६ या टर्बोप्रॉप इंजिनाकडे बघा. आज आफ्रिकेच्या वाळवंटापासून अलास्काच्या गावांपर्यंत जे काम सेस्ना कॅरव्हान हे छोटं अमेरिकन विमान करतं, ते पूर्वी रशियात एएन-२ करायचं तसलंच. तीन हजारांहून अधिक कॅरव्हान झाली. पण कॅरव्हान पहिल्यांदा उडालं डिसेंबर १९८२ मध्ये, आणि त्याच्या नाकातलं पीटी-६ इंजिन १९६१ पासून उडत होतं. ते पहिल्यांदा आकाशात गेलं तेही कुठल्या नव्याकोऱ्या विमानातून नव्हे. एका जुन्या बीच-१८ च्या नाकावर बसवून. वीस वर्षं ते इतरांच्या विमानांत बसून चुका काढून घेत राहिलं आणि मग सेस्नाने त्याच्याभोवती साधी, कंटाळवाणी वाटावी अशी विमानाची पेटी बांधली. कोकणातला शेतकरी भात थेट खाचरात फेकत नाही. आधी राब भाजलेल्या एका तुकड्यात तरवा काढतो, तो वीतभर झाला की लावणी करतो. इंजिनालाही असा तरव्याचा वाफा लागतो, आणि तो वाफा ओळखीच्या जमिनीत असावा लागतो.

रशियाकडे तो वाफा आयता आहे: जुनी एएन-२. माझं म्हणणं एवढंच, की व्हीके-८०० आधी तिच्या नाकावर बसवा. सिबनियाने हनीवेलसाठी जे केलं तेच. सांगाडा सत्तर वर्षांचा ओळखीचा, त्याची प्रत्येक खोड वैमानिकाला पाठ. अशा विमानात काही बिघडलं तर दोष इंजिनाचाच, हे उघड कळतं. नवा सांगाडा आणि नवं इंजिन एकत्र थरथरू लागले की दोन कारखाने एकमेकांना पत्रं लिहितात.

यावर जाणकार लगेच एएन-३ दाखवतील: ‘जुन्या सांगाड्यात नवं टर्बोप्रॉप’ हेच तर तिने केलं होतं, मग ती का फसली? आक्षेप बिनतोड वाटतो. पण एएन-३ चं इंजिन जवळजवळ फक्त तिच्यापुरतंच होतं. दुसरीकडे कुठे मोठ्या संख्येने ते गेलं नाही, म्हणून सुटे भाग महाग, मेकॅनिक दुर्मीळ. शिवाय सोव्हिएत संघ कोसळून सरकारच्या तिजोरीत खडखडाट असलेल्या दहा वर्षांत तिला बाजारात उतरायचं होतं. व्हीके-८०० चं तसं नाही. एल-४१० सारखी दोन इंजिनांची छोटी विमानं आणि हलकी हेलिकॉप्टरं यांतही ते बसवायचा बेत आहे. म्हणजे एकाच इंजिनाला तीन घरं. एएसएच-६२ चं नेमकं तसंच होतं.

मग जुनी एएन-२ आहे तशीच का चालवत नाही, असं दुसऱ्या टोकाचे भक्त विचारतात. त्यांचाही एक मुद्दा खरा आहे: मंद वेगात तिच्याइतकं क्षमाशील विमान आजवर झालेलं नाही, आणि बायकालही ते होणार नव्हता. पण म्हातारीचा खुराक पाहिला का? ताशी १८० किलोमीटरच्या आसपास वेग आणि तासाला दीडशे ते दोनशे लिटर पेट्रोल; म्हणजे किलोमीटरला लिटरभर. तेही साधं पेट्रोल नव्हे, शिसं घातलेलं विमानाचं खास पेट्रोल, जे रशियात वर्षानुवर्षं दुर्मीळ आणि केरोसीनच्या कित्येक पट महाग राहिलंय. केरोसीन प्रत्येक विमानतळावर मिळतं. ‘क्षमाशील’ या शब्दाचीही एक मर्यादा आहे. जून २०१२ मध्ये उरलमधल्या सेरोव्ह गावाच्या धावपट्टीवरून एक एएन-२ विनापरवाना उडालं, आत तेरा जण. महिनोन्‌महिने शोध चालला. पुढच्या वर्षी मे महिन्यात अवशेष सापडले ते धावपट्टीपासून जेमतेम आठेक किलोमीटरवरच्या दलदलीत. विमान कितीही समजूतदार असलं तरी ते माणसाच्या बेफिकिरीला आणि झाडांना माफी देऊ शकत नाही. आणि ते कुठे पडलं हे सांगणारं साधं यंत्रही आत नसेल तर आठ किलोमीटर पुरेसे होतात.

आणि काहीच न करण्याची किंमत शून्य नसते, हे फार कमी लोक लक्षात घेतात. जिथे एएन-२ बंद पडली तिथल्या बाळंतिणीला तालुक्याला न्यायचंच असतं. मग एमआय-८ हेलिकॉप्टर येतं. दोन इंजिनं, तासाला सहा-सातशे किलो केरोसीन, आणि आत बसलेले दहा-बारा लोक. अनुदान तेच सरकार देतं, फक्त दुसऱ्या खात्यातून, म्हणून विमानाच्या हिशेबात ते दिसत नाही. बायकालची किंमत वाढली म्हणून बोंब मारणाऱ्यांनी हा आकडा शेजारी मांडून पाहावा.

पैशाचा हा मुद्दा आपल्याला परका नाही. ३१ ऑक्टोबर २०२० ला अहमदाबादच्या साबरमतीवरून केवडियाला समुद्री विमान सुरू झालं, गाजावाजात. विमान होतं ट्विन ऑटर. जगभर तपासलेलं, इंजिन पीटी-६. यंत्रात खोट काढायला जागाच नव्हती. पण देखभालीसाठी ते मालदीवला न्यावं लागायचं, आणि एप्रिल २०२१ मध्ये सेवा थांबली ती थांबलीच. चालवण्याचा खर्च परवडला नाही. विमान उत्तम होतं. डेपो नव्हता, मेकॅनिक नव्हता, भाड्यातला खड्डा कोण भरणार याचं उत्तर नव्हतं. बायकाल उद्या शंभर टक्के देशी होऊन आला आणि याकुतियातल्या पट्ट्या तशाच गवताखाली राहिल्या, तर त्याचंही दुसरं काय होणार? म्हणून मला वाटतं, विमानाला दिलेल्या प्रत्येक रुबलमागे पट्टीला, पट्टीवरच्या त्या एका पगारी माणसाला आणि तिकिटाला किती दिले, हे विचारल्याशिवाय कारखान्याचा पुढचा हप्ता सोडू नये.

अजून एक गोष्ट, जरा बाजूची. एएन-२ फवारणी करायची, टपाल न्यायची, छत्रीधारी अग्निशामकांना जंगलात उतरवायची, रुग्ण आणायची, पोरांना पॅराशूट शिकवायची. ती सर्वगुणसंपन्न होती म्हणून हे झालं असं मानतात. खरं म्हणजे सरकारकडे हातात तेवढं एकच विमान होतं. सगळ्यांच्या मापाचा एक सदरा शिवायचा हट्ट आज कशाला? फवारणीचं बरंचसं काम हलकी विमानं आणि ड्रोन यांनी घेतलंय. चीनने तर एएन-२ च्या आपल्या आवृत्तीतून वैमानिकाविना माल नेणारं विमान काढलं आणि २०१८ मध्ये ते उडवलंही. बाहेर फुगवलेल्या त्या काचांमधून खाली बघायला आता कुणी नाही. आर्मेनियाविरुद्धच्या २०२० च्या कराबाख युद्धात अझरबैजानने जुन्या एएन-२ रिमोटवर सोडल्या, त्यांच्यावर गोळीबार झाला की शत्रूची विमानवेधी ठाणी उघडी पडत. म्हातारीची कामं अशी आपापल्या वाटेने पांगत चाललीत. प्रवासी आणि रुग्ण एवढंच काम नव्या विमानाकडे ठेवलं, तर त्याच्या अटींची यादी अर्धी होते. अर्ध्या यादीचं विमान हलकं होतं, आणि विमान हलकं झालं की किंमत खाली येते.

तेव्हा मी ठरवणारा असतो तर बायकालची चित्रं गुंडाळून कपाटात ठेवली असती, फाडली नसती. मिएलेत्सच्या शेवटच्या काळातले, कमी तास उडालेले पन्नास सांगाडे निवडायचे. त्यांना पन्नास व्हीके-८०० बसवायची. निम्मी याकुतियात, निम्मी आर्क्टिक किनाऱ्यावर, टपाल आणि माल घेऊन. पहिली दोन वर्षं प्रवासी नकोत. प्रत्येक इंजिन किती तासांनी उतरवलं आणि का, याची वही उघडी ठेवायची, कारखान्यालाही आणि तिकडच्या मेकॅनिकलाही. दोन हिवाळे जाऊ द्यावेत. उणे पन्नासला पहाटे पंखा न कुरकुरता फिरतोय असं त्या वहीत दिसायला लागलं, की कपाट उघडायचं आणि पंख एक लावायचा की दोन यावर मनसोक्त भांडायचं.